बर्फखान्यातल्या फ्लॉप्या

रत्नागिरी,
रविवार, ८ ऑक्टोबर १९८९

प्रिय राही,

गणपतीनंतर तू पाठवलेलं कार्ड पोचलं. उत्तराला उशीर झाला, पण तो आळसाने नाही. आपल्या मच्छीमार सोसायटीत एक भानगड होऊन बसली होती आणि ती निस्तरल्याशिवाय तुला काय लिहावं ते सुचत नव्हतं. जावयांच्या नोकरीच्या त्या पोफळीला अजून पाऊस आहे म्हणतेस. इथे आता चांगलं उघडलंय. जेटीवर जाळी पसरलेली आहेत, बांगडा भरपूर येतोय आणि माझे गुडघे गेल्या वर्षी होते तिथेच आहेत. परवा दसरा. आपल्या कॉम्प्युटरच्या मशीनला मी यंदाही झेंडूची माळ घालणार, फक्त मागच्या खेपेसारखी पंख्याच्या जाळीवर नाही. तेव्हा पाकळ्या आत गेल्या होत्या. हे पत्र कामाचं आहे असं धरून वाचायला लाग. सगळं कामाचं नाही, पण सुरुवात तिथून केलेली बरी.

नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात मशीनने हात टेकले. लिलावाचे आकडे घालून झाले, बटण दाबलं, तर पडद्यावर इंग्रजीत ओळ आली की जागा शिल्लक नाही. आपल्या चेअरमन मथुराबाई 'एवढं मोठं धूड टेबलावर बसलंय आणि आत जागा नाय म्हणतं?' असं म्हणत त्याच्या मागे जाऊन बघून आल्या. मोठी डिस्क घ्यायची ऐपत यंदा नाही, तेव्हा जुनं काढून जागा करायची असं ठरलं. तू जाताना भिंतीवर डकवलेला कागद अजून तिथेच आहे. आधी फ्लॉपीवर नक्कल घ्यायची, मग ती फ्लॉपी वाचून बघायची आणि मगच मशीनमधलं पुसायचं. क्रम बदलायचा नाही. मी क्रम बदलला नाही, राही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना तुला तशी शंका येईल.

पुसायचं काम मी सावकाश केलं. दुपारी लिलाव संपून बायका घरी गेल्या की दार लोटून बसायचे. सत्त्याऐंशी सालच्या बर्फाच्या चिठ्ठ्या काढल्या, डिझेलचे जुने आकडे काढले, एकाच हिशेबाच्या तीन-तीन नकला झाल्या होत्या त्या काढल्या. तू मला शिकवताना केलेल्या फायलीही सापडल्या. नावाला आठच अक्षरं मिळतात, म्हणून इंग्रजीत गुणवंती नेमकी मावली आणि चंद्रभागा अर्धीच राहिली, आणि ती अर्धी राहिलेली चंद्रभागा तुझ्यावर आठवडाभर रुसली होती, आठवतं? त्याही काढल्या. कागद फाडला की निदान आवाज तरी होतो. इथे नाव टाइप करायचं, बटण दाबायचं, की पुढची रिकामी ओळ येऊन उभी राहते, जणू काही झालंच नाही. पण जागा होत गेली. त्यातच एक फाइल होती, जुन्या बाजारातल्या बैठकांची. कोण कुठे बसते आणि कधीपासून. जुन्या बाजाराचे पत्रे उतरवायला तेव्हा सुरुवात झाली होती. बाजारच राहणार नाही, तर त्यातल्या बसायच्या जागा कशाला ठेवायच्या? नक्कल घेतलेली होती, वाचून बघितलेली होती. पुसून टाकली.

ती फाइल तू कशी केलीस ते मला पुसताना आठवत होतं. मशीन यायच्या आधीचा हिवाळा. उपडा खोका घेऊन तू एकेका बाईच्या शेजारी बसायचीस आणि विचारायचीस, कधीपासून बसता? कोणी म्हणे, थोरला पोटात होता तेव्हापासून. कोणी म्हणे, ती मोठी बोट बुडाली त्याच्या आदल्या दिवाळीपासून. त्यातून साल काढायचं. तुझी आई तर तुला म्हणाली होती, 'मला काय इचारतेस? तू पाटीतच निजायचीस, तुलाच ठावं.' सगळे कागद तू मशीनमध्ये घातलेस आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या आईने, हौसाने, ते कोळंबी बांधायला घेतले. तू ओरडलीस, तर म्हणाली, 'आता त्यात गेलंय ना सगळं? मग हे कशाला कुजवतेस?' तिचंही चुकलं नव्हतं.

नकलांचे ते तीन डबेही तुझेच. मुंबईच्या क्लासात तुला शिकवलं होतं की नकलांचे तीन संच ठेवायचे, त्यांना आजोबा, बाप आणि मुलगा म्हणायचं, आणि दर शनिवारी सगळ्यात म्हाताऱ्यावर नवीन लिहायचं. तू हे सोसायटीच्या सभेत समजावून सांगितलंस आणि तुझी आई मागून म्हणाली, 'मासळी इकायची बायांनी, पैसं मोजायचं बायांनी, आणि डब्यात बसायला तेवढे बापये?' सगळी सभा हसली आणि तू तिथल्या तिथे चिठ्ठ्या बदलल्यास. आजी, आई, लेक. गेल्या वर्षी वैशाखात लग्न होऊन जाताना आजीचा डबा तू साड्यांच्या ट्रंकेत घालून नेलास, कारण एक तरी नक्कल दुसऱ्या छपराखाली असावी, असंही त्या क्लासात सांगितलं होतं. आई आणि लेक इथे राहिल्या.

आता मूर्खपणा ऐक. पावसाळ्यात फ्लॉप्यांवर बुरशी यायला लागली. काळ्या चकतीवर पांढरे ठिपके, पापडावर येतात तसे. कपाटात ठेवून बघितलं, कापराच्या वड्या घालून बघितल्या. शेवटी आपला बर्फखान्याचा धोंडू म्हणाला, 'बकुळाबाय, आतल्या खोलीत ठेवा की. तिथं सुरमई महिना महिना टिकते, ह्या पापड्या टिकणार नायत?' राही, मी इंग्रजी शाळेत शिकलेली बाई, पण मला ते पटलं. मथुराबाईंना पटलं. सगळ्या कमिटीला पटलं. ज्यांचा जन्म मासळी नासू नये या धडपडीत गेला, त्यांना गार जागेपेक्षा सुरक्षित जागा दुसरी कुठली वाटणार? ऑगस्टच्या अखेरीला, पुसापुशी संपल्यावर, दोन्ही डबे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून धोंडूने आत नेऊन ठेवले. वर एक हळदीचं बोटही लावलं.

सप्टेंबरात नव्या बाजाराच्या समितीचं पत्र आलं. दिवाळीला नवा बाजार सुरू होणार, सिमेंटचे ओटे, वर पक्कं छप्पर, नळाचं पाणी. ओटे देणार जुन्या बाजारातल्या ज्येष्ठतेने. जी आधीपासून बसते ती दाराजवळ, जिचा पुरावा नाही ती शेवटी, मागे, गटाराच्या अंगाला, जिथपर्यंत एकही गिऱ्हाईक चालत जाणार नाही. यादी वीस ऑक्टोबरच्या आत द्यायची. बहुतेकींकडे बैठकीच्या पावत्या आहेत. तुझ्या आईकडे तिच्या नावाची एकही नाही. ती बसली सासूच्या जागेवर, पावती फाटत राहिली सासूच्या नावाने, म्हातारी वारली तरी नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही. हौसा त्या जागेवर अठ्ठावन्न सालापासून बसते हे कुठे लिहिलेलं असेल, तर एकट्या तुझ्या त्या फायलीत, आणि त्याखाली तेव्हाच्या बाजार कारकुनाने शहानिशा केल्याची नोंदही तू घातली होतीस.

मी धोंडूला डबे आणायला सांगितले. बाहेर येताच पिशवीच्या आतून पाणी सुटलं. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला सुटतं ना, तसं, प्रत्येक फ्लॉपीच्या आत. मी पुसून एक घातली, तर मशीन असं कण्हलं की मथुराबाईंनी कानावर हात ठेवले. दुसरी घातली, तिसरी घातली. वाचता येत नाही, पुन्हा बघू का, सोडून देऊ का, एवढंच ते विचारत राहिलं. मशीन दुरुस्त करणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, फेकून द्या आणि पुन्हा घातल्या तर मशीनही बिघडेल. तुझी आई दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, 'मासळी टिकते, तुमचं शिक्षाण नाय टिकत होय बर्फात?' धोंडू बिचारा त्या दिवशी जेवला नाही. मग हौसानेच त्याला तळलेला बांगडा नेऊन दिला आणि वर ऐकवलं, 'खा. उद्या माजा ओटा बर्फखान्यातच लावून दे म्हंजे झालं.'

ती हसण्यावारी नेते, पण मी तिला ओळखते. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी नव्या बाजाराला एक फेरी मारते. दारापासून तिसरा ओटा तिने मनात धरला आहे. बसून बघते, पाटी कुठे ठेवायची, सुरी कुठे, पाणी कुठे जाईल. मग उठून मागे गटाराकडे जाते आणि तिथेही बसून बघते.

आता तू म्हणशील, मग मला आधीच का नाही लिहिलंत, आजीचा डबा माझ्याकडे होता. होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण डबा तुझ्याकडे आणि गरज तुझ्या आईची, आणि तुम्हा दोघींचं बोलणं दीड वर्ष बंद. सावर्ड्याहून तुझ्या सासरची मंडळी तुला बघायला आली त्या दुपारी मीही घरात होते. तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, आई काय करतात, आणि तू म्हणालीस, 'सोसायटीत असते.' खोटं नव्हतं. ती सोसायटीत असतेच. पण ती नेमकी तेव्हा मागच्या दाराने पाटी घेऊन आली होती. मी तिला बघितलं. तिने पाटी परत बाहेर नेली, दगडाआड ठेवली, अंघोळ केली आणि नवं लुगडं नेसून चहा घेऊन आली. लग्नात तिने कशाला कमी केलं नाही. पण त्यानंतर तुझं पत्र आलं की मी वाचून दाखवते आणि ती म्हणते, 'झालं वाचून? ठेव तिथं.' मी म्हटलं, पोरीला बोलव, तर म्हणाली, 'सोसायटीतल्या बाईची लेक ती. तिला वासाच्या घरात कशाला बोलवायचं?' आणि तू लिहितेस, आईने बोलावल्याशिवाय कोणत्या तोंडाने येऊ. दोघींची बोटं एकाच सुरीने कापलेली, आणि दोघी आपापला हात पदराखाली धरून बसलेल्या.

तुला एक सांगते, कधी सांगितलं नव्हतं. माझे बाबा माझगावला गोदीत होते आणि आई दारोदार मासळी विकायची. कॉन्व्हेंटात मला घेतलं, ते आई दर शुक्रवारी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात पापलेट पोचवायची त्या ओळखीवर. शुक्रवारी ती मागच्या दाराने यायची. मधल्या सुट्टीत आम्ही मुली तिथेच दोरीवरच्या उड्या मारत असायचो. ती माझ्या जवळून जायची आणि माझ्याकडे बघायची नाही. मी बघायचे, ती बघायची नाही. घरी आल्यावर तेल लावताना मात्र सगळं विचारायची, ती लाल रिबिनीची कोण, तू दोनदा का आऊट झालीस. म्हणजे सगळं बघितलेलं असायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मुलीला जड होऊ नये म्हणून स्वतःच बाजूला व्हायचं, हे या बायकांना आपोआप येतं, आणि त्याचा राग मात्र त्यांना मागून येतो, सावकाश. माझ्या आईला तो कधी आला का, हे विचारायचं राहून गेलं. तुझ्या आईला आलाय. तो तिचा हक्क आहे. पण तिचं तुझ्याकडे बघणं थांबलंय असं समजू नकोस.

कारण मागच्या सोमवारी मी तिला सरळ सांगितलं, एकच उपाय आहे, राहीकडचा डबा. ती म्हणाली, 'ओटा गेला तरी चालंल. मी गटाराकडं बसेन, पर तिच्याकडं मागणार नाय.' आणि निघून गेली. मंगळवारी आली, माझ्या टेबलाजवळ उभी राहिली, कॅलेंडर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, 'बकुळाबाय, पोफळीत सुके बोंबील मिळतात काय गो?' मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाली, 'नसतीलच. डोंगरात कुठनं मिळायला? धरण बांधलंनी, पर त्यात बोंबील थोडेच येतात!' बुधवारी पुन्हा आली. 'लिवायचंच असलं तर लिव. माज्या नावानं नको. सोसायटीच्या नावानं लिव, की डबा पायजे. सोसायटीचा डबा हाय, तिच्या बापाचा नाय.' आणि दारातून परत फिरून, 'पोस्टात वाकडा होईल का गो तो?'

तर ते सोसायटीचं पत्र हे. पण ते मी बुधवारी लिहिलं नाही, आज लिहिते आहे, कारण आधी एक गोष्ट करून बघायची होती. कोल्हापूरच्या माणसाने फेकून द्या म्हटलं तरी माझ्याने दोन्ही डबे फेकवले नव्हते. हौसा म्हणत होती, बोंबलांबरोबर काठ्यांवर वाळत घालू. त्याला मी नको म्हटलं, पण वाळवायचं हे बरोबर वाटलं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत भाजलेले तांदूळ घालतो ना आपण, तसे शेरभर तांदूळ भाजले, गार केले, बिस्किटांच्या मोठ्या डब्यात भरले, वर जुन्या धोतराचं फडकं अंथरलं आणि त्यावर फ्लॉप्या ठेवून झाकण लावलं. तांदूळ मऊ पडले की पुन्हा भाजायचे. धोंडू ते काम देवपूजेसारखं करायचा. काल दुपारी मशीनचं डोकं स्पिरिटने पुसून मी एकेक घालून बघितली. लेकीच्या डब्यातलं काही हाती लागलं नाही. आईच्या डब्यातली पहिली कण्हली, दुसरी दोनदा नाही म्हणाली आणि तिसऱ्यांदा वाचली गेली. बैठकांची फाइल त्यात अख्खी होती. हौसा, सासूच्या जागी, सन अठ्ठावन्नपासून. मी लगेच छापायला लावली. आपला प्रिंटर कसा किंचाळतो तुला माहीत आहे, जेटीवरच्या घारी उडाल्या. आणि वळून बघते तर दारात तुझी आई.

किती वेळ उभी होती देव जाणे. कागद बाहेर येत होता, नावांखाली नावं. तिला अक्षर येत नाही, पण स्वतःचं नाव ती चित्रासारखं ओळखते, ते तूच तिला घरच्या ओट्यावर खडूने काढून शिकवलं होतंस. तिने कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, 'कसलं गो हे?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'बर्फाचं बिल.' कॉन्व्हेंटातल्या सिस्टर वरून बघत असतील तर बघोत. ती पुन्हा कागदाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि पाटी डोक्यावर घेत अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'मग राहीकडचा डबा लागंलच म्हण की.' मी म्हटलं, 'लागेल तर.' ती म्हणाली, 'लिव मग लगेच. तिला म्हणावं, पोस्टात नको टाकू.' आणि गेली. म्हणून हे पत्र, राही. यादी माझ्या खणात आहे. तू ये किंवा येऊ नकोस, एकोणीस तारखेला मी ती समितीला देणार. हौसाच्या ओट्यावर मी जुगार खेळणार नाही. डब्याची गरज उरलेली नाही, हे तुला माहीत, मला माहीत, आणि मला वाटतं तिलाही माहीत. तरी तू तो हातात दिसेल असा धरून ये, एस.टी. स्टँडवरून घरी न जाता सरळ बाजारात, ती बसलेली असेल तिथे, जावयांना बरोबर घेऊन. तिच्यापुढे ठेव आणि म्हण, सोसायटीचा डबा आणलाय. पुढचं ती बघेल. बोंबील तिने बांधून ठेवले आहेत. आणि आल्यासरशी त्या फ्लॉप्या आपण पुसून घेऊ. नव्या हंगामाला जागा कमी पडते आहे.

वाट बघत असलेली,
तुझीच,
बकुळामावशी